भुंकतो तो भितो म्हणून!

चतुर्थी पंधरा दिवसांवर आली की आपल्या कोकणातल्या घराघरांत याद्या सुरू होतात. माटवीचं सामान, भिंतींचा रंग, भजनी मंडळींसाठी काळ्या वाटाण्यांची उसळ, मुंबईचे चाकरमानी किती येणार, कोण कुठल्या खोलीत झोपणार. या याद्यांत सगळं असतं, फक्त दारातला कुत्रा नसतो. आणि त्याच्यासाठी तर वर्षातले सगळ्यात कठीण दिवस हेच! एरवी दोन म्हाताऱ्या माणसांच्या शांत घरात वावरणारा तो जीव. अचानक अंगणात तीन गाड्या, घरात वीस माणसं, ओळख नसलेली मुलं, रात्री पखवाज-टाळ आणि आरती झाली की दणादण फटाके. मग तो भुंकत सुटतो, पाहुण्यांच्या अंगावर धावतो, नाहीतर विसर्जनाच्या रात्री दोरी तोडून कुठेतरी नाहीसाच होतो.

आमच्या महिला मंडळात बचत गटाचे हिशोब संपले की घरचे विषय निघतात. सासूचं दुखणं, मुलांचे मार्क, माशांचे भाव. गेली काही वर्षं त्यात हा एक विषय हमखास असतो. "आमचो कुत्रो वाईट झालो गे. कोणाक म्हणून दारात येवक देणा नाय." कुणाचा कुत्रा पोस्टमनच्या मागे लागतो, कुणाचा ढग गडगडले की खाटेखाली शिरून लघवी करतो, कुणाचा घरातल्याच नातवावर गुरगुरतो. बोलणं संपतं ते बहुतेक एकाच वाक्यावर, "आता सोडूनच येवचो खंयतरी."

मैत्रिणींनो, कुत्रा आणतं कोण आणि सांभाळतं कोण, हे एकदा मोजून बघा. पिल्लू आणतो मुलगा. कौतुकाने नाव ठेवतो, फोटो काढतो. पुढे शिक्षणाला किंवा नोकरीला मुंबई-पुण्याला नाहीतर गोव्याला जातो. कुत्रा उरतो आईजवळ. त्याचा भात शिजवायचा तिने, गोचीड काढायचे तिने, शेजाऱ्यांची बोलणी खायची तिने आणि शेवटी 'सोडून येऊया' असं घरात ठरलं, की रात्रभर जागायचं तेही तिनेच. म्हणून हा विषय आपल्या पुरवणीत यायलाच हवा, असं मला वाटलं.

नाठाळ की घाबरलेला?

कुत्र्यांबद्दल आपल्याकडे दोन म्हणी सगळ्यांना पाठ असतात. एक, भुंकणारा कुत्रा चावत नाही. दुसरी, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. माणसांच्या स्वभावाबद्दल या म्हणी ठीक आहेत. प्रत्यक्ष कुत्र्याच्या बाबतीत मात्र दोन्ही घात करतात. पहिलीवर विसंबून आपण पाहुण्यांना "काही करत नाही, या या" म्हणतो आणि तो नेमका पोटरी धरतो. दुसरीवर विसंबून आपण त्याच्यात काही फरक पडेल ही आशाच सोडतो.

भुंकणारा, अंगावर धावणारा कुत्रा पुष्कळदा भ्यालेला असतो. 'तू लांब जा' एवढंच त्याला सांगायचं असतं. लांबून येणाऱ्या माणसावर तो भुंकतो, माणूस दचकून मागे सरकतो. कुत्र्याच्या हिशोबाने उपाय लागू पडला! दुसऱ्या दिवशी तो जास्त जोराने भुंकतो. पोस्टमन तर रोज येतो आणि रोज परतही जातो. आपण हाकललं म्हणूनच गेला, अशी कुत्र्याची खात्री होते. शहरातले प्रशिक्षक अशा कुत्र्याला 'रिॲक्टिव्ह' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, जरा काही झालं की उसळणारा. उसळण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते, आणि भीतीवर काठी हे औषध नाही.

पिल्लाची जगाशी ओळख साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत होते. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण करून १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. या दिवसांत जी माणसं, जे आवाज, ज्या वस्तू पिल्लाने निवांतपणे पाहिल्या, त्या त्याला आपल्या वाटतात. ज्या पाहिल्या नाहीत, त्यांचा पुढे संशय येतो. आता आपल्याकडचं गणित बघा. जूनमध्ये आणलेलं पिल्लू सगळा पावसाळा पडवीत काढतं. बाहेर पावसाची झड, घरात दोन माणसं. ते मोठं होऊन अंगणात येतं तेव्हा चतुर्थीची गर्दी दारात उभी असते!

त्यात कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. आपल्या किनाऱ्यावर आवाजांना तोटा नाही. पावसाळ्यात गडगडाट, चतुर्थीला फटाके, शिमग्याला ढोल, पर्यटनाच्या हंगामात इंजिनांची घरघर. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा कौलं उडत होती, माड मोडत होते आणि माणसंच देवाचं नाव घेत बसली होती. ४ डिसेंबर २०२३ला तारकर्लीच्या समुद्रावर नौदल दिन साजरा झाला. युद्धनौका, विमानं, हेलिकॉप्टरं पाहून आपली छाती अभिमानाने फुलली. पण हा आवाज कसला, तो किती वेळ चालणार, हे आपल्याला ठाऊक होतं. कुत्र्याला कोण सांगणार? आवाज तोच, पण अर्थ कळत नसेल तर तो आवाज संकट होतो.

१९२४ सालच्या दोन गोष्टी

घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा पावलॉव्ह यांचा प्रयोग आपण शाळा-कॉलेजात शिकलो. रशियाच्या या शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळालं. पण त्यांच्या कुत्र्यांची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सप्टेंबर १९२४मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्रे कसेबसे वाचवले गेले. पूर ओसरल्यावर पाहतात तर काही कुत्रे शिकलेलं सगळं विसरून गेले होते. बिचकत होते, खात नव्हते. त्यातला एक बऱ्याच दिवसांनी सावरला. मग दाराखालून पाण्याची बारीकशी धार आत सोडली, तर तेवढ्यानेच तो पुन्हा पहिल्यासारखा बेचैन झाला. सगळ्याच कुत्र्यांचं असं झालं नाही. काही जात्याच धीट होते, ते लवकर सावरले. एकाच आईच्या पोटची दोन मुलंही सारखी नसतात, तसंच हे.

त्याच १९२४ सालात अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. कापूस, लोकरीचा कोट, पांढरं मऊ काही दिसलं तरी रडायचा. मेरीबाईंनी काय केलं? पीटरला आवडता खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा. इतका लांब, की त्याचं खाणं थांबू नये. मग दिवसा-दिवसाने ससा थोडा थोडा जवळ. मध्येच एक विघ्न आलं. पीटर आजारी पडून इस्पितळात गेला आणि परत येताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर उडी मारून आला. सगळी प्रगती धुऊन निघाली! बाईंनी न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर पीटर एका हाताने सशाला कुरवाळू लागला. पुढे या मेरीबाईंना वर्तन-उपचाराच्या जननी म्हणून मान मिळाला.

भित्र्या कुत्र्यासाठी आज जगभरचे जाणकार जे करतात, त्याचा पाया हाच. भीतीची गोष्ट लांब, आवडता खाऊ जवळ आणि घाई अजिबात नाही.

तो सांगतो, आपल्याला कळत नाही

कुत्रा एकदम चावत नाही. आधी बराच वेळ सांगत असतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. समोर खाणं नसताना जिभेने नाक चाटतो. मान फिरवतो, अंग ओलं नसताना झटकतो, कान मागे टाकतो, शेपूट पायात घालतो. डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागतो. नॉर्वेतल्या टुरिड रुगास या श्वानप्रशिक्षक बाईंनी या खुणांवर पुस्तकच लिहिलं आणि ते अनेक देशांत वाचलं गेलं. या खुणांकडे कुणी लक्ष दिलं नाही, की कुत्रा जागच्या जागी ताठरतो, मग गुरगुरतो, मग दात दाखवतो. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे, असंही नाही. ताठ, उंच धरलेली आणि झरझर हलणारी शेपूट ही धोक्याची खूण असते.

इथे एक गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगायला हवी. गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली नोटीस आहे. मारून मारून ती बंद केलीत तर भीती जात नाही, फक्त नोटीस जाते. मग लोक म्हणतात, "काहीच केलं नव्हतं, एकदम चावला."

दुसरी गोष्ट घागरीची. सकाळी माकडांची टोळी माडावर आली, दुपारी गॅसवाला आला, संध्याकाळी पाहुण्यांची मुलं ओरडत खेळली. प्रत्येक वेळी घागरीत थोडं थोडं पाणी पडलं. रात्री आजोबांच्या हातातून ताट निसटलं आणि कुत्रा त्यांच्यावर धावून गेला. आपण म्हणतो, ताटाला कोण एवढं घाबरतं! ताट हा शेवटचा थेंब होता. मोठी धास्ती घेतल्यावर कुत्र्याचं शरीर पूर्ण शांत व्हायला कधी कधी एक-दोन दिवससुद्धा लागतात. म्हणून एक कठीण दिवस गेला की पुढचा दिवस मुद्दाम निवांत ठेवावा.

नाव टायगर!

तारकर्लीच्या बाजूला माझ्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. घराला लागून चार खोल्या बांधून पर्यटकांची न्याहारी-निवासाची सोय करतात. घर त्यावरच चालतं. त्यांच्या मुलाने किनाऱ्यावर होडीखाली सापडलेलं महिन्याभराचं पिल्लू ऐन पावसात गोणपाटात गुंडाळून आणलं. नाव ठेवलं टायगर. पाऊस संपेपर्यंत टायगरने घरातल्या तीन माणसांपलीकडे कुणाला पाहिलं नव्हतं. हंगाम सुरू झाला आणि चाकांच्या बॅगा चिऱ्याच्या पायवाटेवरून खडखडत आत येऊ लागल्या. टायगर फाटकाजवळ साखळीला. टोपी घातलेला माणूस दिसला की साखळीला हिसके देत भुंकायचा. एका संध्याकाळी साखळी सुटली आणि त्याने एका पाहुण्याची पँट धरली. दात लागले नाहीत हे नशीब. पाहुणे त्याच रात्री दुसरीकडे गेले. वहिनींचे यजमान म्हणाले, "उद्या ह्येका बंदरावर सोडून येतंय."

वहिनी माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. "राखणीक ठेवललो कुत्रो, आणि तुम्ही म्हणतास ह्योच भिता?" आधी आम्ही त्याला पशुवैद्यकांना दाखवलं. दुखणारा कुत्राही चिडका होतो. कान पिकलेला असतो, दात किडलेला असतो, सांधा आखडलेला असतो आणि आपण स्वभावाला दोष देतो. टायगरचा कान खरोखरच पिकलेला निघाला. त्यावर औषध झालं. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने बाकीचं ठरवलं.

पहिलं काम, त्याला फाटकावरून हलवणं. भ्यालेल्या जीवाला फाटकावर बांधणं म्हणजे अंधाराला घाबरणाऱ्या पोराला रात्री विहिरीवर पाठवण्यासारखं. त्याची जागा मागच्या पडवीत केली. फाटकाच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा लावला, म्हणजे येणारे-जाणारे दिसेनात. साखळीऐवजी लांब दोरी आणि गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आणला. गळ्याला हिसका बसला की 'माणूस दिसला आणि गळा आवळला' एवढंच कुत्र्याच्या डोक्यात राहतं. सकाळी माणसं नसताना वहिनी त्याला किनाऱ्यावर नेऊ लागल्या आणि मनसोक्त हुंगू देऊ लागल्या. नाकाने हुंगणं हा कुत्र्याचा मोठा विसावा आहे.

दुसरं काम मेरीबाईंच्या पद्धतीने. वहिनींच्या भाच्याने टोपी घालून, बॅग हातात घेऊन लांब माडाखाली उभं राहायचं, साधारण चाळीस पावलांवर. टायगरने त्याला पाहिलं, पण भुंकला नाही, की लगेच तोंडात एक तुकडा. बिनमिठाचा उकडलेला बांगडा, काटे काढलेला, नखाएवढे तुकडे. भाचा आडोशाला गेला की खाऊ बंद. पुन्हा दिसला की पुन्हा खाऊ. पाच मिनिटं, बस्स. भुंकला तर ओरडायचं नाही. आपण फार जवळ आलो एवढंच समजायचं आणि मागे व्हायचं. आठ-दहा दिवसांनी टोपीवाला दिसला की टायगर भुंकायच्या ऐवजी वहिनींच्या हाताकडे बघू लागला. मग पस्तीस पावलं, मग तीस. बॅगेच्या खडखडाटाचा सराव वेगळा केला, आधी घरामागून, मग बाजूने.

वहिनींच्या सासूबाईंना हे बिलकूल पटलं नव्हतं. "भुकणाऱ्या कुत्र्याक वर बांगडो चारतास? उद्या आणखी भुकात!" आक्षेप रास्त वाटतो, पण खाऊ भुंकण्याचा नव्हता. खाऊ भुंकायच्या आधी, माणूस दिसताक्षणी मिळत होता. 'टोपीवाला आला म्हणजे बांगडा येणार' असं समीकरण त्याच्या डोक्यात बसवायचं होतं. आणि भीती ही काही बक्षिसाने वाढणारी गोष्ट नाही. गडगडाटात थरथरणाऱ्या मुलाला जवळ घेतलं तर ते जास्त भित्रं होत नाही. कुत्रा घाबरून आपल्या पायाशी आला तर त्यालाही खुशाल जवळ घ्यावं, शांतपणे पाठीवरून हात फिरवावा.

दिवाळीनंतर सुरू केलेलं हे काम शिमग्यापर्यंत चाललं. मे महिन्याच्या गर्दीत टायगर पुन्हा बिघडला, तेव्हा दोन पावलं मागे जाऊन नव्याने सुरुवात केली. आजही तो कुणाही पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसत नाही. बॅग खडखडली की आपणहून मागच्या पडवीत गोणपाटावर जाऊन बसतो आणि वहिनींची वाट बघतो. एवढं पुरेसं आहे. सगळ्यांचा लाडका व्हावा, ही आपली हौस. त्याला फक्त निर्धास्त जगायचं असतं.

सणाच्या दिवसांची तयारी

चतुर्थी असो की दिवाळी, तयारी सण तोंडावर आल्यावर करून भागत नाही. तीन-चार आठवडे आधी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असा लावावा आणि तेव्हाच त्याला जेवण द्यावं. खाता खाता कान टवकारले तरी चालेल, पण खाणं थांबलं तर आवाज आणखी कमी करावा. काही दिवसांनी किंचित वाढवावा. पीटरच्या सशासारखाच हा आवाज 'जवळ' आणायचा.

घरात एक कोपरा त्याचा म्हणून ठरवा. स्वयंपाकघरामागची खोली, खाटेखालची जागा, जिथे तो आपणहून जातो ती. तिथे त्याचं गोणपाट किंवा आपली जुनी साडी अंथरा. आपल्या वासाचा त्याला धीर असतो. सणाच्या आधीच तिथे त्याला खाऊ द्यायची सवय करा. फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा रेडिओ सुरू. तो त्या जागी गेला की कुणीही ओढून बाहेर काढायचं नाही, लहान मुलांनी तर नाहीच.

फिरवून आणणं, जेवण आणि लघवी हे सगळं अंधार पडायच्या आत उरकून घ्या. दाराशी दोन कड्या किंवा आडवी फळी लावा. भ्यालेला कुत्रा केवढ्याशा फटीतून निसटतो, हे कळतही नाही. पट्ट्यावर आपला फोन नंबर पक्क्या शाईने लिहून ठेवा, सापडलेला कुत्रा परत येण्याची तीच आशा. आणि घरातल्या एका माणसावर त्या दिवसापुरती कुत्र्याची जबाबदारी नावानिशी टाका. ते माणूस तुम्ही नसावं! तुम्हाला मोदक वळायचे असतात.

पाहुण्यांसाठी नियम सोपे आहेत. त्याच्याकडे टक लावून बघू नका, वाकून डोक्यावर हात ठेवू नका, खात असताना आणि झोपेत असताना हात लावू नका. मुलांना सांगा, त्याच्यासमोर पळू नका, तो गुरगुरला तर झाडासारखे स्तब्ध उभे राहा. लहान मूल आणि कुत्रा, मग तो कितीही गुणी असो, मोठ्या माणसाशिवाय एकत्र ठेवू नयेत.

काही कुत्र्यांना पाहुण्यांच्या दिवसांत मुसकी बांधावी लागते. त्यात कमीपणा नाही. पण ती जाळीची, ढिली असावी, आतून जीभ बाहेर काढून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. तोंड गच्च आवळलेला कुत्रा उकाड्यात गुदमरतो. तिचीही सवय आधीपासून, खाऊ देत देत करावी.

औषध, दवाखाना आणि कायदा

काही कुत्र्यांची भीती एवढी खोल असते की नुसत्या सरावाने भागत नाही. ते खात नाहीत, भिंतीवर डोकं आपटतात, स्वतःचे पाय चावतात. अशा वेळी पशुवैद्यकांकडून औषध घ्यावं. भीती कमी करणारी औषधं आज उपलब्ध आहेत. डॉक्टरांना मात्र स्पष्ट विचारावं, की हे औषध भीती कमी करतं की नुसती गुंगी आणतं? गुंगीच्या काही औषधांनी शरीर लुळं पडतं, पण आतली भीती तशीच राहते. आपल्या डब्यातली झोपेची गोळी किंवा पॅरासिटामॉल मनाने कधीही देऊ नये, ते जिवावर बेतू शकतं. खाऊ म्हणून चॉकलेट, मनुका, कांदा घातलेलं कालवण हेही नको.

एखादा शांत कुत्रा एकाएकी बदलला, लाळ गळायला लागली, गिळता येईना, दिसेल त्याला चावू लागला, तर तो भित्रेपणा समजू नका. त्याच्याजवळ न जाता पशुवैद्यकांना कळवा. ते रेबीज असू शकतं. आणि कुठलाही कुत्रा चावला, अगदी आपला, लस दिलेला असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. ही लस सरकारी दवाखान्यात मिळते. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही, त्यामुळे इथे हयगय करायला जागाच नाही. घरच्या कुत्र्याची रेबीजची लस वेळेवर देणं हे तर आपलं पहिलं कर्तव्य.

कायदाही माहीत असावा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. कुत्र्याला गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, ही त्या कायद्याने क्रूरता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके वाजवायला मनाई केली. ती केवळ कुत्र्यांसाठी नव्हे, तान्ही बाळं, आजारी माणसं, गोठ्यातली गाभण गाय यांच्यासाठीही तितकीच गरजेची आहे. वाडीच्या बैठकीत फटाक्यांची वेळ आणि जागा ठरवून घेता येते. आमच्या मंडळाने हा विषय मांडला तेव्हा आधी हसले, मग एकेक जण आपापल्या घरची म्हातारी आठवून गप्प झाला.

आणि 'सोडून येऊया' हा तर मार्गच नव्हे. घाबरलेला कुत्रा अनोळखी गावात सोडला, तर तिथल्या कुत्र्यांच्या तावडीत सापडतो, गाडीखाली येतो, रात्री बिबट्याच्या तोंडी जातो. जगलाच तर भीतीने कुणाच्या तरी पोराला चावतो. आपल्या दारातलं संकट आपण दुसऱ्या आईच्या दारात नेऊन ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ. कुत्रा खरंच आवरत नसेल, घरात तान्हं मूल असेल, तर पशुवैद्यकांशी बोलून, त्याचा स्वभाव न लपवता, तो सांभाळू शकेल असं घर शोधावं.

माणगावला दत्ताच्या दर्शनाला आपण भक्तिभावाने जातो. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात. कुणी त्यांना चार वेद म्हणतात. मला त्या तसबिरीत एक साधी गोष्ट दिसते. ते चारही कुत्रे निवांत आहेत. कुणाच्या गळ्यात साखळी नाही, कुणाची शेपूट पायात नाही. कारण आपण कुणाजवळ आहोत, हे त्यांना माहीत आहे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात मुंबईला मुलांना फोन कराल, तेव्हा गाडीचं तिकीट आणि सामानाची चौकशी झाली की एक वाक्य आणखी बोला. 'येताना मोठ्या आवाजाचे फटाके आणू नका, आणि आल्या आल्या कुत्र्याच्या अंगावर धावू नका, त्याला आधी लांबून तुमचा वास घेऊ दे.' कुत्रा ज्याने आणला, त्यालाच ते आधी सांगा. आणि सणाच्या चार दिवसांत त्याला रोज पहाटे किनाऱ्यावर फिरवून आणायची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात घाला!